पुढचे मॉडेल

दसरा झाला की आमच्याकडे बाहेरगावी गेलेली मुले एकेक करून परतू लागतात. कोणी नागपूरहून येतो, कोणी हैदराबादहून, आणि हल्ली एखादा पुण्याहूनही. सूरजागडच्या डोंगराच्या पायथ्याशी आमचे गाव. त्या गावात दिवाळीचे चार दिवस नवे कपडे, नवे बूट आणि नवे मोबाईल यांची अशी गर्दी होते, की शाळेच्या पटावरची नावे आठवायलाही मला वेळ लागतो.

या वर्षी असाच एक जुना विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. सातवीपर्यंत माझ्या हाताखाली शिकला. घरी माडिया बोलणारा हा मुलगा पहिल्या वर्षी वर्गात तोंड उघडत नसे. आता पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. पायावर डोके ठेवले, चहा घेतला, आणि मग जरा घुटमळत म्हणाला, "सर, गाडी घ्यायची आहे जी."

मला वाटले, जीप असेल. आमच्या बाजूला शहाणा माणूस दुसरे काय घेईल? पण त्याने मोबाईलवर चित्र दाखवले ते एका स्पोर्ट्स कारचे. तांबडी लाल, दोनच माणसांची, कासवासारखी जमिनीला लागलेली. आठ वर्षे पैसे साठवले होते. अडचण एवढीच होती, की विकणारा म्हणतो, आताची गाडी दिवाळीत सवलतीने देतो. आणि जाणकार मित्र म्हणतात, थांब, पुढच्या वर्षी नवे मॉडेल येते आहे.

"घेऊ का थांबू? तुम्हीच सांगा ना जी."

माझ्या नावावर आजवर एक सायकल झाली आहे. मोटारींविषयी मला काय कळणार? पण इतिहास शिकवणाऱ्या माणसाला प्रश्न विचारला की तो उत्तराऐवजी इतिहासच सांगतो, ही त्या मुलाला जुनी माहिती असावी. तो आणखी दोन कप चहा होईपर्यंत बसला. त्याला जे सांगितले तेच येथे थोडे नीट करून लिहीत आहे.

आरंभ आमच्याच जिल्ह्यापासून करतो, म्हणजे त्या काळच्या चांदा जिल्ह्यापासून. 1882 साली श्वार्ट्झ नावाच्या एका जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाचा अहवाल जमशेटजी टाटांच्या हाती पडला. चांदा जिल्ह्यात लोहारा येथे उत्तम लोखंडाचा दगड आहे, असे त्यात म्हटले होते. जवळच वरोऱ्याला कोळशाची खाण. जमशेटजींचा जीव नागपूरच्या कापडगिरणीत गुंतलेला, त्यामुळे मुलूखही ओळखीचा. दुसरा कोणी असता तर दुसऱ्याच दिवशी भट्टी बांधायला निघाला असता. जमशेटजींनी वरोऱ्याचा कोळसा तपासून घेतला. तो लोखंड गाळण्याच्या कामाचा निघाला नाही. सरकारचे खाणीचे नियमही तेव्हा जाचक होते. जमशेटजी थांबले.

थोडेथोडके नव्हे, पुढची वीस-बावीस वर्षे थांबले. 1904 साली त्यांनी नेमलेले वेल्ड हे अमेरिकन तज्ज्ञ चांद्याच्या रानात उतरले. त्याच वर्षी जमशेटजी वारले, पण काम चालू राहिले. वेल्डसाहेबांचा निष्कर्ष असा, की दगड चांगला आहे, पण मोठ्या कारखान्याला पुरेल एवढा एका ठिकाणी नाही. चिरंजीव दोराबजी ही नकाराची वार्ता सरकारला कळवायला नागपुरास गेले. कमिशनरसाहेब भेटेपर्यंत वेळ कसा घालवावा म्हणून समोरच्या अजायबघरात शिरले. ज्याला नागपूरकर प्रेमाने अजब बंगला म्हणतात, त्याच वास्तूची ही गोष्ट. तेथे भिंतीवरच्या नकाशात दुर्ग जिल्ह्यातला लोखंडाचा डोंगर रंगवलेला दिसला. नकाराचे पत्र खिशातच राहिले. पुढे मयूरभंजची खाण मिळाली, 1907 साली कंपनी उभी राहिली आणि 1912 साली साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलाद निघाले.

तेव्हा थांबणे फळाला आले यात शंका नाही. फक्त ते फळ चांद्याच्या पदरात पडले नाही, एवढेच. शाळेत हा धडा शिकवताना मुले दर वर्षी एकच प्रश्न विचारतात: "सर, मग आपला डोंगर त्यांना दिसला नाही का?" मी म्हणतो, नशीब म्हणा किंवा दुर्दैव, नाही दिसला.

आता याच थांबणाऱ्या जमशेटजींची दुसरी बाजू पाहा. 1898 साली मुंबईच्या रस्त्यावर पहिल्या मोटारी आल्या, त्यांतली एक त्यांची होती, असे सांगतात. जर्मनीत बेंझने पहिली मोटार 1886 साली चालवली. म्हणजे मोटार नावाचे पोर तेव्हा जेमतेम बारा वर्षांचे. तेव्हाच्या पुष्कळ मोटारींना हाती धरायला चाकही नव्हते, नावेच्या सुकाणूसारखा दांडा असे. दर वर्षी नवे मॉडेल पहिल्याला लाजवीत होते. तरी या गृहस्थांनी "जरा सुधारू द्या, मग घेऊ" असे म्हटले नाही. लोखंडासाठी बावीस वर्षे थांबणारा माणूस मोटारीसाठी थांबला नाही. कारखाना एकदाच काढायचा असतो. मोटार ही हौस होती, आणि हौसेला साठाव्या वर्षी मुदतवाढ मिळत नाही.

माझा विद्यार्थी म्हणाला, "पण सर, ती स्पोर्ट्स कार नव्हती ना?" खरे आहे. तेव्हा स्पोर्ट्स कारकडे वळतो.

मराठी घराण्यांत वेगाच्या गाडीचा शौक पाहायचा तर इंदूरला जावे लागते. दुसरे यशवंतराव होळकर, जन्म 1908. ऐन तारुण्यात राज्याची सूत्रे हाती आली. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा असा नव्या धर्तीचा बांधवून घेतला, की युरोपातली मासिके त्याची चित्रे छापीत. 1930 नंतरच्या त्या दशकात त्यांनी अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीकडून एक गाडी घेतली. यंत्र अमेरिकेचे, वरचा साज लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी चढवलेला, रंग नारिंगी आणि काळा. कंपनी त्या यंत्राची शक्ती 320 अश्वशक्ती सांगे. त्या काळच्या साध्या मोटारीला तीस-चाळीस अश्वशक्ती म्हणजे डोक्यावरून पाणी, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा किती आडमाप होता ते कळेल. इंदूरच्या रस्त्यावर तिला पुरा वेग कधी मिळाला असेल, याची मला शंकाच आहे.

येथे गंमत अशी, की ड्यूसेनबर्गचे हे मॉडेल मूळ 1928 सालचे. होळकरांनी गाडी मागवली तेव्हा ते सात-आठ वर्षांचे जुने झाले होते. एखाद्या व्यवहारी दिवाणाने सल्ला दिला असता, "महाराज, आता नवे येईल, थांबावे." आणि 1937 साली कंपनीच बुडाली. पुढचे मॉडेल कधी आलेच नाही. ती नारिंगी गाडी मात्र आजही शाबूत आहे, आणि जुन्या मोटारींचे षौकीन तिचे नाव निघाले की हातातला घास तसाच ठेवतात.

राजेरजवाड्यांचे हे असे. पण "घेऊ की थांबू" हा प्रश्न मध्यमवर्गीय मराठी घरात शिरला तो स्वातंत्र्यानंतर, आणि गमतीची गोष्ट म्हणजे, तो शिरला तेव्हा त्याचे उत्तर घरातल्या माणसांच्या हाती राहिलेच नव्हते.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला, 1947 पासून गाड्या निघू लागल्या. अमेरिकेची जनरल मोटर्स 1928 पासून मुंबईत शिवडीला परदेशी भाग जोडून गाड्या विकत होती. सरकारने ठरवले, की नुसते भाग जोडणारे नकोत, येथे घडवणारे हवेत. त्याबरोबर 1950 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ती आणि फोर्ड, दोघांनीही गाशा गुंडाळला. हेतू चांगला होता. देशात जे थोडे परकी चलन होते ते चैनीच्या गाड्यांवर उधळणे परवडणारे नव्हते, हे आजही कबूल करावे लागेल. पण याचा परिणाम असा, की घेणाऱ्यापुढे दोन-तीनच गाड्या उरल्या: कलकत्त्याची अँबॅसडर, मद्रासची स्टँडर्ड, आणि आपली कुर्ल्याची फियाट.

1954 सालची ती पहिली फियाट 1100 मुंबईकरांनी काय नावाने ओळखावी? डुक्कर फियाट! पाठीमागून गोल, पुढून फुगीर, आखूड पायांची. नाव ठेवणाऱ्याने तिचा अपमान केला असे मला वाटत नाही. आमच्या रानात डुक्कर हे सर्वांत चिवट जनावर, आणि ती गाडीही तशीच निघाली. पुढे दिव्यांची, जाळीची, पाठीची ठेवण बदलत गेली. 1964 साली 'डिलाइट' नावाची नवी ठेवण आली. चार दरवाजे, 1089 घनसेंटिमीटरचे यंत्र, आणि गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाशेजारी, म्हणजे पुढच्या बाकावर मामा, काका आणि मांडीवर एखादे पोर अशी सोय.

लोकांना वाटले, हे एक मॉडेल झाले, आता चार-पाच वर्षांनी दुसरे. खुद्द इटलीत तसेच झाले: 1966 साली त्या गाडीच्या जागी दुसरी आली, त्याच वर्षी 124 ही अगदी निराळी गाडी निघाली, आणि 1969 साली 1100 चा वंशच तेथे खुंटला. कुर्ल्याला मात्र तीच गाडी. 1970 नंतर इटलीच्या कंपनीशी असलेला करार संपला तेव्हा तिचे नाव 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाले. 1974 साली आणखी एकदा बारसे होऊन ती 'प्रीमियर पद्मिनी' झाली. चितोडच्या राणीचे नाव मिळाले, देह तोच राहिला. ज्याने 1965 साली म्हटले, "डिलाइट नको, पुढचे मॉडेल घेऊ," त्याने दहा वर्षे थांबून डिलाइटच घेतली, फक्त महाग.

तरी "घेऊ" म्हणणाऱ्यालाही ती मिळे कुठे? नाव नोंदवायचे, अनामत भरायची, आणि वर्षे मोजायची. मुंज झाली तेव्हा नोंदवलेली गाडी लग्नात आली, असे विनोद त्या काळच्या मासिकांत असत. ते विनोद लिहिणाऱ्यांना फारशी कल्पनाशक्ती लढवावी लागत नसे. नव्या गाडीपेक्षा एक वर्ष वापरलेली गाडी महाग विके, कारण ती आज हातात पडत असे. अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात हे उलटे गणित बसणार नाही. आमच्या देशात ते वीस-पंचवीस वर्षे बसले होते.

दरम्यान इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी नावाचे एक गृहस्थ स्वतःची छोटी मोटार घडवीत होते. मोठे शिक्षण नाही, पाठीशी मोठी कंपनी नाही. 1949 साली पहिली दोन माणसांची गाडी झाली. मग तीत सुधारणा करून दुसरी, तिसरी, असे 1970 नंतरही चालूच होते. गाडीचे नाव मीरा. प्रत्येक मीरा आधीच्या मीरेपेक्षा सरस. पण कारखाना निघाला नाही आणि ती बाजारात आली नाही. सामान्य माणसाच्या स्वस्त गाडीचा विचार सरकारही 1960 च्या आधीपासून करीत होते. समित्या बसल्या, उठल्या. मीरेचा विचार माझ्या मनात आला की मला वाटते, घेणारा थांबतो तेव्हा त्याचे एक सुख जाते. घडवणाऱ्याला थांबावे लागते तेव्हा आयुष्य जाते.

येथवर आलो आणि बाबा आतून बाहेर आले. माझे वडील आश्रमशाळेत मास्तर होते, निवृत्त होऊनही बरीच वर्षे झाली. कान आता मंद, पण 'मॉडेल' हा शब्द त्यांना भिंतीपलीकडूनही ऐकू येतो. त्याचे कारण घरातले आहे, ते सांगतो.

1975 साली बाबांनी स्कूटरचे नाव नोंदवले. कोणत्या कंपनीची, ते सोडून देऊ; तेव्हा सगळ्यांचीच ही तऱ्हा होती. अनामतीचे पैसे पोस्टात अडकवून ठेवायचे आणि पासबुक कंपनीच्या नावे तारण. सात वर्षांनी, 1982 च्या पावसाळ्यात, पत्र आले: आपला नंबर लागला. तो ऑगस्ट मला ऐकून पाठ आहे, कारण त्याच महिन्याच्या 26 तारखेला चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, आणि बाबा म्हणत, जिल्हाही नवा, गाडीही नवी. एसटी आणि ट्रक बदलत ते चंद्रपुराला गेले. दुकानदार म्हणाला, "मास्तर, घाई कशाला करता? नवे मॉडेल येऊन राहिले. नंबर पुढे ढकलतो." बाबांनी सही केली. सात वर्षे थांबलो, तर आणखी सहा महिने काय!

ते सहा महिने सहा वर्षांचे झाले. स्कूटर 1988 साली आली.

मधल्या काळात, 1985 च्या श्रावणात, आजीला साप चावला. मी पाच वर्षांचा होतो. कंदिलाच्या उजेडात बैलगाडीत गवत पसरले, त्यावर तिला निजवले, आणि बाबा बैलांपुढे धावत निघाले, एवढे मला आठवते. नाल्यापाशी पोचेपर्यंत सर्व संपले होते. नाल्याला पूर होता. तेथे तेव्हा पूल नव्हता. स्कूटर असती तरी ती पलीकडे गेली नसती. गावातल्या प्रत्येकाने हे बाबांना समजावले. बाबांना ते पटतही होते. पण वर्षानुवर्षे रात्री जेवताना ते मधेच थांबत आणि म्हणत, "पूर नव वाजता चढला. स्कूटरनं साडेआठला नाला पार झाला असता."

हे गणित बरोबर की चूक, ते मी आजवर तपासून पाहिलेले नाही.

माझ्या विद्यार्थ्याने बाबांना वाकून नमस्कार केला. मी मोठ्याने सांगितले, पोरगा गाडी घेतो म्हणतो, पण नवे मॉडेल येणार आहे. बाबांनी त्याच्याकडे निरखून पाहिले. "नवीन येनार म्हनते का?" ते म्हणाले. "मले बी तसंच सांगितलं होतं बापू." आणि परत आत गेले.

मला त्यानंतर विरुद्ध पक्षाचीही बाजू मांडणे भाग होते, नाहीतर तो इतिहास कसला? थांबणाऱ्यांची सरशी झाली असे एक ठळक उदाहरण आहे, आणि ते मारुतीचे. 1983 साली दहा हजार रुपये भरून एक लाखाहून जास्त लोकांनी नावे नोंदवली. 14 डिसेंबरला दिल्लीच्या हरपालसिंग यांना पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीच्या किल्ल्या मिळाल्या. किंमत सुमारे साडेसत्तेचाळीस हजार. ज्यांचा नंबर पहिल्याने लागला त्यांनी पेढे वाटले. ज्यांचा मागे राहिला ते कपाळाला हात लावून बसले. आणि 1986 साली कंपनीने ती गाडी बदलून अधिक ऐसपैस, अधिक देखणी मारुती 800 काढली. मागे राहिलेले पुढे गेले! पुढची पंचवीस-तीस वर्षे रस्त्यावर जी मारुती दिसली ती ही दुसरी. मात्र हरपालसिंगांनी आपली जुनी गाडी मरेपर्यंत सोडली नाही. 2010 साली ते वारले, तोवर ती दारात उभी होती. नव्या मॉडेलने त्यांचे काही बिघडले असे दिसत नाही.

आणि पद्मिनी? तिचे उत्पादन नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी मुंबईत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून 2023 च्या दिवाळीआधी रस्त्यावरून उतरली. जी गाडी कोणाला वेळेवर मिळाली नाही, तिच्या निरोपाला लोक फोटो काढायला धावले.

स्पोर्ट्स कारचे एक आणखी ताजे उदाहरण मुलाने स्वतःच आठवण करून दिले. सचिन तेंडुलकरांना 2002 साली शुमाकरच्या हस्ते फेरारी 360 भेट मिळाली. आयातशुल्काचा आकडा कोटीच्या वर गेला, तो कोणी भरायचा यावर देशभर वाद झाला. तो वाद निवतो न निवतो तो 2004 साली फेरारीचे पुढचे मॉडेल जाहीर झाले. म्हणून त्या लाल गाडीकडे मुंबईत कोणी कमी वळून पाहिले, असे नाही. मुलगा यावर हसला. तेंडुलकरांना रस्ता तरी होता, असे तो म्हणाला.

त्या वेळी आमच्या दारावरून ट्रक जात होते. रात्री ते जास्त जाणवतात. सूरजागडचा जो डोंगर जमशेटजींच्या माणसांना दिसला नाही, त्याचा 348 हेक्टरांचा पट्टा 2007 साली एका कंपनीला मिळाला. 2016 साली खोदाई सुरू झाली, त्याच डिसेंबरात माओवाद्यांनी पाऊणशेच्या आसपास वाहने जाळली, काम थांबले. 2021 पासून पुन्हा जोरात चालले आहे. डोंगरावर ठाकूरदेव आहे. दर जानेवारीत माडिया लोकांची तेथे जत्रा भरते, आणि पुष्कळ गावांनी ही खाण नको म्हणून सांगितले आहे. पुष्कळ घरांत तिच्यामुळे पहिला पगारही आला आहे. एकाच घरात दोन्ही मते मी ऐकली आहेत, एकाच जेवणात. चांद्याच्या लोखंडाला सव्वाशे वर्षे कोणी विचारीत नव्हते. आता ते तांबड्या धुळीच्या रूपाने आमच्या तांदळाच्या डब्यापर्यंत पोचते. नाल्यावर पूल झाला आहे. त्यावरून आधी ट्रक जातात, मग आपण.

"या रस्त्यावर तुझी गाडी येईल का रे?" मी विचारले.

तो गप्प झाला. मग म्हणाला, दिवाळीला आईला तीत बसवून एटापल्लीच्या बाजाराला न्यायचे मनात आहे. एवढ्यासाठीच तर घेतो. पुण्याला फिरवायला स्कूटर पुरे.

आम्ही दोघे बाहेर आलो. शाळेसमोर ट्रक हळू जावेत म्हणून गावाने स्वतःच्या हाताने मुरमाचा गतिरोधक घातला आहे. मी शाळेतून लाकडी फूटपट्टी आणली, त्याने मोबाईलचा दिवा धरला. ट्रकमधला वेळ साधून आम्ही मोजले. सात इंच, आणि मधोमध साडेसात. गाडीचे पोट जमिनीपासून किती वर असते, ते त्याला तोंडपाठ होते: साडेचार.

त्याने आकडे लिहून घेतले. "नव्या मॉडेलचं किती असेल, विचारतो," म्हणाला, आणि बाबांची स्कूटर मागितली. 1988 ची ती अजून छपरीत असते. तिसऱ्या किकला सुरू झाली.